गुरे हाकताना घोडा कळतो

वायोमिंग आणि मॉन्टाना या अमेरिकी राज्यांत जून उजाडला की डोंगरपायथ्याच्या रँचवरची गुरे वरच्या उन्हाळी कुरणांकडे हलवली जातात. ऊन तापायच्या आत गायी आणि त्यांची त्याच वर्षी जन्मलेली वासरे कुंपणाबाहेर काढायची, ओढ्यापार न्यायची, झाडीतून वर चढवायची आणि दुपारपर्यंत ठरल्या जागी पोचवायची, असे हे काम. कळपाच्या मागे आणि बगलेला जे स्वार असतात त्यांतले काही रँचचे पगारी काउबॉय, तर काही सुट्टीवर आलेले शहरी पाहुणे. धुळीत राबण्यासाठी या पाहुण्यांनी आठवड्याचे पैसे मोजलेले असतात. पैसे देऊन दुसऱ्याची गुरे वळायची, हा व्यवहार प्रथमदर्शनी उफराटा वाटतो. माझे म्हणणे असे की मोठेपणी घोडा शिकायचा असेल तर याहून चांगली शाळा मिळणे कठीण आहे. अट एकच: तिथली गुरे आणि तिथले काम खरे असले पाहिजे.

या प्रथेची मुळे जाहिरातीत नाहीत, गुरांच्या धंद्यात आहेत. पिट्सबर्गचे हॉवर्ड, विलिस आणि ऑल्डन ईटन हे तीन भाऊ १८७९च्या सुमारास डाकोटा टेरिटरीत मेडोराजवळ रँच थाटून बसले. पूर्वेकडचे मित्र आणि मित्रांचे मित्र तिथे येऊन मुक्काम ठोकू लागले. १८८२ साली बफेलो शहरातल्या एका पाहुण्याने आपल्या राहण्याखाण्याचे पैसे घ्याच असा आग्रह धरला, आणि सशुल्क पाहुणचाराची सुरुवात तिथून झाली असे मानले जाते. पुढे १८८६-८७च्या भीषण हिवाळ्यात उत्तरेकडच्या मैदानांत गुरांचे कळपच्या कळप गोठून आणि उपासमारीने मेले. मेडोराजवळ गुरांत पैसा घातलेल्या थिओडोर रूझवेल्ट यांनाही त्याचा जबर फटका बसला. नुसत्या गुरांवर विसंबण्यात केवढा धोका आहे हे तेव्हा सर्वांनाच दिसले. ईटन बंधूंनी १९०४ साली वायोमिंगमध्ये शेरिडनजवळच्या वुल्फ इथे बस्तान हलवले, आणि त्यांची रँच आजही पाहुणे घेते. १९२६ साली मॉन्टानातल्या बोझमन इथे अशा रँचमालकांची संघटना उभी राहिली. नॉर्दर्न पॅसिफिक रेल्वेने तिला हात दिला, कारण पाहुणे गाडीनेच यायचे. काळाच्या ओघात अनेक ठिकाणांनी गुरे विकून टाकली आणि घोड्यावरची रपेट, पोहण्याचा तलाव, संध्याकाळची गाणी एवढ्यावर भागवले. हा लेख त्यांच्याविषयी नाही. गुरे हाच जिथे आजही धंदा आहे आणि पाहुण्यांचा पैसा त्याला टेकू देतो, त्या रँचविषयी मी बोलतो आहे.

तिथे शिकायला काय मिळते हे कळायला आधी घोडा कसा प्राणी आहे ते पाहावे लागते. घोडा ही वाघा-लांडग्यांची शिकार. डोळे डोक्याच्या दोन बाजूंना असल्याने ऐन पाठीमागचा आणि कपाळासमोरचा चिंचोळा पट्टा सोडला तर त्याला जवळजवळ सगळीकडचे दिसते. अंगावर माशी बसली तर तेवढीच कातडी तो थरथरवतो, इतकी त्याची त्वचा जागी असते. बर्लिनमधल्या हान्स नावाच्या घोड्याला गणित येते अशी ख्याती पसरली होती. उत्तराइतक्या वेळा तो पाय आपटायचा. मानसशास्त्रज्ञ ऑस्कर फुंग्स्ट यांनी १९०७ साली दाखवून दिले की विचारणाऱ्याला स्वतःलाही न कळणारी मानेची, खांद्याची सूक्ष्म हालचाल हान्स टिपत होता आणि बरोबर आकड्यावर थांबत होता. गणित खोटे ठरले, पण घोड्याची नजर किती तीक्ष्ण आहे हे सिद्ध झाले. २००९ साली प्रसिद्ध झालेल्या एका स्वीडिश प्रयोगात घोडेस्वारांना सांगितले, की या फेरीत अमुक ठिकाणी छत्री उघडली जाईल. छत्री उघडलीच नाही. तरी त्या जागी स्वारांच्या हृदयाचे ठोके वाढले, आणि त्यांच्याबरोबर घोड्यांचेही. घोड्याने छत्री पाहिली नव्हती. त्याला माणसाची धास्ती कळली होती.

नवशिक्याची खरी अडचण यात आहे. घोड्याशी बोलायचे कसे, असा प्रश्न त्याला पडलेला असतो, आणि तो तर खोगिरावर बसल्या क्षणापासून अखंड बोलत असतो. आवळलेल्या मांड्या, वर खेचलेल्या टाचा, आधारासाठी घट्ट धरलेला लगाम, अडवलेला श्वास, या सगळ्यांतून घोड्याला परस्परविरोधी हुकूम जात राहतात. घोडा शिकतो तो दाब आणि सुटका यांतून. पोटरीचा दाब आला, तो पुढे सरकला, दाब सुटला: सरकणे बरोबर होते, हे त्याला सुटकेमुळे कळते. सुटका उशिरा झाली तर त्याला भलताच धडा मिळतो. झालीच नाही तर तो हळूहळू बधिर होतो आणि लगामाला जुमानेनासा होतो. इसवी सनापूर्वी चौथ्या शतकात ग्रीक लेखक झेनोफॉनने घोड्यांवरच्या ग्रंथात रागाच्या भरात घोड्याला हात लावू नये असे बजावले होते. विसाव्या शतकात ही समज अमेरिकेच्या पश्चिमेत पुन्हा रुजवली ती टॉम डोरन्स आणि रे हंट या घोडे शिकवणाऱ्यांनी, आणि आज ती परंपरा बक ब्रॅनमन चालवतात. डोरन्स आणि हंट दोघेही गुरांच्या रँचवर काम केलेले होते. दिवसभर ज्या जनावरावर बसून काम करायचे ते घाबरलेले, चिडलेले असून चालत नाही, याची जाण गुराख्याला पोटापाण्यातून येते.

आता प्रश्न असा की सुटकेचा हा अचूक क्षण शिकवावा कसा? रिंगणातला शिक्षक ओरडून सांगतो: हात खाली, टाच खाली, पाठ सरळ. सांगतो ते बरोबरच असते. पण शिकणारा स्वतःच्या हातापायांकडे लक्ष देऊ लागतो आणि आणखी ताठरतो. हालचाल शिकण्याविषयी संशोधन करणाऱ्या गाब्रिएले वुल्फ यांनी १९९८पासून अनेक प्रयोगांतून दाखवले आहे की शिकणाऱ्याचे लक्ष स्वतःच्या अवयवांपेक्षा हालचालीच्या बाहेरच्या परिणामावर असेल तर कौशल्य लवकर आणि पक्के येते. असा बाहेरचा परिणाम घोडेस्वाराला कुठे मिळतो? गायीत मिळतो. प्राण्यांच्या वर्तनाच्या अभ्यासक टेंपल ग्रँडिन यांच्या लेखनामुळे सर्वत्र पोचलेली एक गोष्ट प्रत्येक गुराख्याच्या अंगवळणी पडलेली असते. गायीभोवती तिची एक हद्द असते. तिच्यात पाऊल टाकले की ती हलते, बाहेर आले की थांबते. शिवाय तिच्या खांद्यापाशी एक तोलबिंदू असतो. स्वार खांद्याच्या मागे असेल तर ती पुढे चालते, खांद्याच्या पुढे गेला तर थबकते किंवा वळते. म्हणजे घोडा दोन पावले पुढे की दोन पावले मागे, यावर गाय ओढ्यात उतरते की झाडीत पळते हे ठरते. पाहुण्याची नजर गायीवर खिळते, अंग नजरेमागे वळते, हात आपोआप सैलावतो. घोड्याला हवी असते ती सुटका त्याला नेमक्या वेळी मिळते, आणि निकाल समोर लगेच दिसतो. गाय कोणाची भीड ठेवत नाही. पाहुण्याने किती पैसे भरलेत हे तिला ठाऊक नसते.

कुरणावर पोचल्यानंतरचा प्रसंग तर फार शिकवणारा असतो. गुरे पोचली म्हणून काम संपत नाही. वाटेत गायी पुढे आणि वासरे मागे अशी फाटाफूट झालेली असते. आई सापडली नाही तर वासरू शेवटचे जिथे प्यायले त्या जागेकडे, म्हणजे थेट खालच्या कुरणाकडे, धूम ठोकते. म्हणून स्वार कळपाभोवती सैल कडे करून उभे राहतात. हंबरण्याने रान दणाणते. एकेक गाय हुंगत हुंगत आपले वासरू शोधते, परक्याला लाथाडते, आपले सापडले की उभी राहून पाजते. दोघे मिळून चरू लागेपर्यंत कडे मोडायचे नाही. याला तास लागतो, कधी दोन. या वेळात पाहुण्याला घोड्यावर काहीही न करता बसावे लागते. मांड सैल, लगाम सैल, कान आणि डोळे मात्र उघडे. एखादे वासरू फुटू लागले तर चार पावले टाकून वाट अडवायची आणि परत स्वस्थ व्हायचे. स्वस्थ बसणे हा घोडेस्वारीतला सर्वांत अवघड धडा, आणि तासाच्या शिकवणीत त्याला जागाच नसते.

दुसरी निम्मी विद्या खोगिराखाली असते. खऱ्या कामाच्या रँचवर पाहुण्याने सकाळी आपला घोडा धरून आणायचा, खरारा करायचा, खुरांतले खडे-चिखल खरवडायचे, पाठीवर कुठे घट्टे-फोड आहेत का हे तळहाताने चाचपायचे, तंग कसायचा आणि थोडे चालवून पुन्हा कसायचा, अशी अपेक्षा असते. आपल्याला हे नवे वाटायचे कारण नाही. सभासदाच्या बखरीत शिवाजी महाराजांच्या पागेची जी व्यवस्था दिली आहे तिच्यात पंचवीस घोड्यांमागे पखालजी आणि नालबंद नेमलेला आहे. स्वारी म्हणजे स्वार अधिक पाणी, दाणा, नाल आणि निगा, हे त्या राज्याने ओळखले होते. आज मराठी माणसाची घोड्याशी गाठ पडते ती बहुधा माथेरानला, आणि तिथे लगाम पुष्कळदा घोडेवाल्याच्या हातात असतो. त्या फेरीत आनंद आहे. शिक्षण मात्र नाही.

यावर पहिला आक्षेप: रँचचे घोडे इतके तयार असतात की सगळे काम तेच करतात, पाहुणा नुसता ओझे. हे बऱ्याच अंशी खरे आहे, आणि माझ्या मते हेच त्या शिक्षणाचे बळ आहे. नवखा स्वार आणि नवखा घोडा ही जोडी दोघांच्याही जिवावर बेतते. जाणता घोडा बरोबर काय ते स्वतः दाखवतो, आणि चुकीच्या हुकमावर कान मागे टाकून किंवा डोके झटकून सांगतोही. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. आठवड्यात घोडेस्वारी येत नाही. नाहीच येत. रोज पाच तास याप्रमाणे सहा दिवसांत तीस तास खोगिरावर जातात, म्हणजे आठवड्याला एक तास शिकणाऱ्याचे सात महिने. पण थकल्या अंगाने एकदम केलेला सराव आणि थोडाथोडा, खंड पाडून केलेला सराव यांत दुसराच टिकतो असे शिकण्याविषयीचे संशोधन सांगते. तेव्हा रँचचा आठवडा हा शिक्षणाचा पाया मानावा आणि घरी परतल्यावर जवळच्या तबेल्यात शिकवणी चालू ठेवावी. घोड्याशी वागायचे कशासाठी हे एकदा कळले, की रिंगणातल्या सूचनांनाही अर्थ येतो.

घोड्याच्या हालांचा मुद्दा मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. ओहायो स्टेट विद्यापीठात २००८ साली आठ घोड्यांवर त्यांच्या वजनाच्या पंधरा ते तीस टक्के भार लादून पाहिले. वीस टक्क्यांपर्यंत घोडे सावरत होते. पंचवीस आणि तीस टक्क्यांना ठोके वाढले आणि स्नायू दुखावल्याच्या खुणा दिसल्या. साडेचारशे किलोच्या घोड्याला म्हणजे नव्वद किलो, आणि त्यात काउबॉयचे खोगीरच पंधरा किलोंच्या आसपास. उरले पंचाहत्तर. आपल्यातले कितीतरी जण यापलीकडे आहेत. वजन विचारणारी, भारी माणसाला भारी घोडा देणारी, आणि वेळ पडली तर नाही म्हणणारी रँच उद्धट नसते. ती घोड्याची बाजू घेत असते. माणसाच्या जोखमीबाबत कायदा कडक आहे. वॉशिंग्टन राज्याने १९८९ साली केला तसा कायदा आज अमेरिकेतल्या बहुतेक राज्यांत आहे, आणि त्यानुसार घोड्याच्या स्वभावातूनच उद्भवणाऱ्या धोक्याची जबाबदारी बरीचशी स्वाराच्या माथी येते. सही करण्यापूर्वी तो कागद नीट वाचावा.

राहिला काउबॉयच्या दंतकथेचा प्रश्न. गोऱ्या, एकांड्या वीराची जी कथा चित्रपटांनी जगभर नेली ती या विद्येची मालक नाही. दोर, खोगीर, लगामाच्या तऱ्हा हे सगळे स्पॅनिश-मेक्सिकन गुराख्यांकडून आले. काउबॉयांत काळे लोक मोठ्या संख्येने होते. आणि २०२३ साली सायन्स या नियतकालिकात आलेल्या संशोधनानुसार मैदानी प्रदेशातल्या मूळ रहिवाशांनी सतराव्या शतकाच्या पूर्वार्धातच, युरोपीय वसाहती तिथे पोचण्याच्या कितीतरी आधी, घोडा आपलासा केला होता. ज्या कुरणांवर आज पाहुणे गुरे हाकतात ती क्रो, लाकोटा आणि शायान लोकांची भूमी; लाकोटा-शायान आणि अमेरिकी सैन्य यांच्यातली १८७६ची लिटल बिगहॉर्नची लढाई शेरिडनपासून मोटारीने दीड तासाच्या आतच झाली. हे झाकून ठेवणारी सुट्टी अर्धवट आहे. आठवड्यातला एक दिवस त्या रणभूमीसाठी राखून ठेवावा.

अमेरिकेत स्थायिक झालेल्या आणि तिथे लेकाकडे-लेकीकडे जाणाऱ्या मराठी कुटुंबांनी एखादी सुट्टी अशी घ्यावी असे मला मनापासून वाटते. नोंदणीपूर्वी फोन करून स्पष्ट विचारा: रँचच्या स्वतःच्या गायी किती, आमच्या आठवड्यात गुरांचे कोणते काम आहे, खोगीर आम्हीच चढवायचे का, आणि आठवडाभर एकच घोडा मिळेल का. उत्तर गुळमुळीत आले तर दुसरी रँच पाहा. शाळांचे बंधन नसेल तर सप्टेंबरअखेर जा. तेव्हा वरच्या कुरणांतली गुरे गोळा करून खाली आणतात आणि माणसांची खरी गरज असते. हेल्मेट घरूनच न्या. तिथे बहुतेकांच्या डोक्यावर हॅट असेल, तुम्ही मात्र हेल्मेटच घाला.