गाडी सुधारली, पट्टा मात्र आपल्याच हाती

मुंबईची काळी-पिवळी पद्मिनी टॅक्सी कोणाला आठवत नाही? कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्यात तयार झालेल्या या गाडीवर कित्येक घरांच्या चुली पेटल्या. ३० ऑक्टोबर २०२३ रोजी ती टॅक्सी म्हणून मुंबईच्या रस्त्यावरून कायमची गेली. लोक हळहळले, ते साहजिकच होते. पण ज्यांनी ती रोज चालवली त्यांना विचारा.

थंड गाडी सुरू करायला चोक ओढायचा. पावसाचे पाणी आत उडाले, की डिस्ट्रिब्युटर ओला होऊन गाडी भर रस्त्यात बंद. घाट चढताना रेडिएटर उकळायचा, म्हणून डिकीत पाण्याचा डबा हवाच. पॉइंट घासणे, प्लग पुसणे, कार्ब्युरेटर खोलणे हे ड्रायव्हरला यावेच लागे. त्या काळचा ड्रायव्हर अर्धा मेकॅनिक होता.

आता कार्ब्युरेटर गेला आणि इंजेक्शन आले. किती पेट्रोल सोडायचे, ठिणगी कधी पाडायची, हे छोटासा संगणक ठरवतो. झिजणारे पॉइंट राहिले नाहीत. इंजिनात बिघाड होऊ लागला, की समोर दिवा लागतो. त्यामुळे वाटेत बंद पडणाऱ्या गाड्या कमी झाल्या.

सुरक्षितता कशी आली?

पूर्वी मजबूत पत्रा म्हणजे सुरक्षित गाडी असा समज होता. तो खरा नाही. पत्रा दबला नाही, तर धक्का सरळ आतल्या माणसाला बसतो. म्हणून आता गाडीचे नाक मुद्दाम चेपेल असे करतात आणि माणसे बसतात तो भाग कडक ठेवतात. एबीएसमुळे जोरात ब्रेक दाबला तरी चाके जाम होत नाहीत आणि गाडी वळवता येते. एअरबॅग तर डोळ्याची पापणी लवण्याआधी फुगते.

या सर्वांत स्वस्त आणि साधी वस्तू म्हणजे पट्टा. खांद्यावरून आणि कमरेवरून जाणारा आजचा पट्टा १९५९ साली स्वीडनच्या व्होल्वो कंपनीत नील्स बोलिन या इंजिनिअरने तयार केला. त्याआधी ते विमानातील वैमानिकांच्या आसनांवर काम करीत. कंपनीने हा शोध इतर कंपन्यांनाही वापरू दिला. मोटारीत पुढे बसणाऱ्याचा मृत्यूचा धोका या पट्ट्यामुळे सुमारे ४५ टक्क्यांनी कमी होतो, असे अमेरिकेच्या सरकारी वाहतूक सुरक्षा खात्याचे अनुमान आहे.

पण सर्वच सुधारणा कंपन्यांनी आपण होऊन केल्या नाहीत. अमेरिकेत राल्फ नेडर यांनी १९६५ साली पुस्तक लिहून कंपन्यांना जाब विचारला, आणि १९६६ साली कायदा झाला. आपल्याकडच्या पाच लहान गाड्यांची २०१४ साली टक्कर-चाचणी झाली, तेव्हा पाचही गाड्यांना मोठ्यांच्या सुरक्षिततेसाठी शून्य तारे मिळाले. पुढे नियम कडक झाले. जुलै २०१९ पासून नव्या गाड्यांत ड्रायव्हरसाठी एअरबॅग सक्तीची झाली. ऑक्टोबर २०२३ पासून आपल्या देशातही गाड्यांना तारे देण्याची पद्धत सुरू झाली. गरिबाच्या स्वस्त गाडीतही जीव तितकाच मोलाचा असतो, हे नियमानेच मान्य करवून घेतले.

मागच्या सीटवरचा प्रश्न

४ सप्टेंबर २०२२ रोजी पालघरजवळ उद्योगपती सायरस मिस्त्री यांच्या गाडीला अपघात झाला. गाडी महागडी, एअरबॅगवाली. पुढचे दोघे वाचले. मागे बसलेले मिस्त्री आणि त्यांचे सहप्रवासी गेले. मागच्या दोघांनी पट्टा लावला नव्हता. त्याच वर्षी देशात पट्टा न लावलेली १६,७१५ माणसे अपघातात दगावली.

आपल्यातले कितीतरी बांधव दुसऱ्याची गाडी चालवतात. मागे बसलेल्या शेठला पट्टा लावा म्हणायला जीभ अडखळते. नोकरीची भीती असते. पण धडक बसली, की मागचा माणूस पुढच्या सीटवर फेकला जातो आणि त्याचा भार ड्रायव्हरच्या पाठीवर येतो. म्हणजे हा तुमच्याही जिवाचा प्रश्न आहे. "साहेब, पट्टा लावल्यावर निघू," असे सांगणे हा उद्धटपणा नव्हे. ती तुमच्या धंद्यातली अक्कल आहे.

लग्नाकार्याला गाडी ठरवताना भाड्याबरोबर मागचे पट्टे चालू आहेत का, हेही विचारा. सात जणांच्या गाडीत बारा माणसे कोंबू नका. लेकराला मांडीवर घेऊन पुढे बसू नका. एअरबॅग फुगली तर तिचाच मार त्याला बसेल. चार पैसे वाचवायला टायर गुळगुळीत होईपर्यंत वापरू नका.

गाडी आज खूप शहाणी झाली आहे. पण पट्ट्याची आठवण करून देणारी ती शिटी बंद व्हावी म्हणून कोणी पट्टा पाठीमागून अडकवून ठेवला, तर ती बिचारी काय करणार? पुढच्या वेळी गाडीत बसाल, तेव्हा आधी तो खटका ऐकू येऊ द्या. मगच गाडी हलू द्या.