तुरुंगांतील शेती व गांवाकडील शेत

शेतकीच्या मासिकांत तुरुंगाचा विषय कां, अशी शंका कित्येक वाचकांस येईल. परंतु बांध, पाटाचें पाणी व भाऊबंदकी यांवरून हाणामारी होऊन किती घरांचे कर्ते पुरुष गजाआड जातात, हें त्यांस आम्हीं सांगावयास नको.

अशा माणसास जन्मभर ठाऊक असलेलें काम शेतीचें. त्याची सुधारणाही त्याच वाटेनें व्हावी. औंधचे अधिपति भवानराव पंतप्रतिनिधि यांनीं मॉरिस फ्रीडमन या पोलिश इंजिनियराच्या साहाय्यानें सन १९३९ मध्यें आटपाडीनजीक स्वतंत्रपूर ही कैद्यांची वसाहत वसविली ती याच धोरणानें. सभोंवार कोट नाहीं. कैद्यानें बायकामुलांसह राहावें व जमीन कसावी. ('दो आँखें बारह हाथ' हा १९५७ चा बोलपट यावरूनच सुचला.) हा भोळेपणा आहे, असें म्हणणारे पुष्कळ भेटतील. आम्हांस ती हिशेबाची गोष्ट वाटते. ज्याचीं मुलें शेजारीं निजलीं आहेत आणि ज्याची ज्वारी पोटऱ्यांत आली आहे, तो पळून जाण्यापूर्वीं दहादां विचार करील. येरवडा व पैठण येथील खुल्या कारागृहांतही चांगल्या वर्तणुकीचे निवडक कैदी शेतीचें काम करितात, व त्यांस शिक्षेंत सूट अधिक मिळते.

मात्र पहारेकऱ्याचा विचार फारसा कोणी करीत नाहीं. २०१६ च्या आदर्श कारागृह नियमावलीप्रमाणें सहा कैद्यांमागें एक रक्षक असावा. पुष्कळ ठिकाणीं जागा रिकाम्या, आणि आहे त्याच शिपायावर दुहेरी पाळी. ज्यास रजा नाहीं, झोंप नाहीं, त्यानें कैद्याशीं गोड बोलावें ही अपेक्षा फुकट होय. खुल्या कारागृहांतील शिपाई तर अर्धा मुकादमच. त्यास नांगरटीची व पाण्याच्या पाळीची समज हवी, व ती शिकविण्याची तजवीजही हवी.

राहतां राहिलें गांवाकडील शेत. कर्ता पुरुष आंत असतां भावकी बांध कोरिते, आणि पीकपाहणींत दुसऱ्याचें नांव चढतें. दफ्तरांत अशा नोंदी आम्हीं पुष्कळ पाहिल्या आहेत. सुटून आलेल्या माणसास मग पुन्हां कोर्टाची किंवा काठीची वाट उरते. २०२१ पासून ई-पीक पाहणी खातेदारानें स्वतः मोबाईलवर नोंदवावयाची असते. तुरुंगांतील खातेदारास मोबाईल कोठून मिळणार? त्याच्या घरच्या बाईस शेजारच्या जाणत्या शेतकऱ्यानें प्रत्येक हंगामांत एवढें करून द्यावें, व सातबाऱ्याचा उतारा काढून तिच्या हातीं ठेवावा.