आजीचा फोटो उजळा, पण आजीला गोरी करू नका!

बालमित्रांनो, तुमच्या घरात एखादी जुनी पत्र्याची पेटी आहे का? तिच्या तळाशी, सातबाऱ्याच्या आणि रेशनकार्डाच्या खाली, एखादं पाकीट सापडतं का बघा. त्यात हमखास जुने फोटो असतात. कुणाच्या लग्नातले, कुणाच्या जत्रेतले. मागे रंगवलेला पडदा आणि पुढे श्वास रोखून ताठ उभे असलेले आजोबा! पण त्या फोटोंची दशा काय झालेली असते? कोपरे दुमडलेले, मधोमध घडी पडलेली, कुठे बुरशीचे ठिपके. आमच्या वेवजीसारख्या किनाऱ्याजवळच्या गावात पावसाळ्याची दमट हवा फोटोंना फार छळते. कित्येक घरांत आजी-आजोबांचा अख्ख्या आयुष्यातला एकच फोटो असतो. तो गेला की गेला!

म्हणून आज आपण एक चिकटवही करायला शिकू या. पण ही चिकटवही कात्री-डिंकाची नाही बरं का, मोबाइलवर किंवा संगणकावर करायची.

आधी फोटोचा फोटो

मूळ फोटो खिडकीजवळ, सावलीतल्या उजेडात सपाट ठेवा. फ्लॅश बंद. मोबाइल फोटोच्या बरोबर वर, आडवा धरा. तिरका धरलात तर चौकोनाचा पतंग होईल! फोटो जुन्या अल्बमला चिकटलेला असेल तर ओढून काढू नका, आहे तिथेच त्याचा फोटो घ्या. दुसऱ्याला पाठवताना व्हॉट्सॲपवर साधा फोटो म्हणून पाठवला तर त्यातले बारकावे कमी होतात. म्हणून ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवा.

बारकावे म्हणजे काय? संगणकातला फोटो हा लहान लहान ठिपक्यांचा बनलेला असतो. त्यांना पिक्सेल म्हणतात. कागदावर चांगला छापायचा तर एका इंचात सुमारे ३०० ठिपके हवेत. म्हणजे ४ बाय ६ इंचांच्या फोटोला १२०० बाय १८०० ठिपके लागतील. गुणाकार करून पाहा बरं किती होतात!

मग साफसफाई

पहिला नियम: मूळ प्रत बाजूला ठेवायची आणि तिच्या नकलेवर काम करायचं. वहीत आधी कच्चं लिहितो ना, तसंच. संगणकावर ‘गिंप’ नावाचा फुकट मिळणारा प्रोग्रॅम यासाठी चांगला आहे. त्यात थर असतात. पुस्तकावर पारदर्शक प्लास्टिक घालून त्यावर चित्र काढलं तर खालचं पान खराब होत नाही. थरांचंही तसंच. मोबाइलवरही अशी बरीच साधनं मिळतात.

जुने रंगीत फोटो पुष्कळदा लालसर झालेले दिसतात. का? रंगीत फोटोत निळसर, किरमिजी आणि पिवळा असे तीन रंग असतात. त्यातला निळसर रंग आधी उडाला की लाली उरते. म्हणून लाल थोडा कमी करायचा. घडीची रेघ घालवायला ‘क्लोन’ नावाचं साधन आहे. फाटक्या सदऱ्याला त्याच कापडाचं ठिगळ लावावं, तसं हे साधन शेजारचा तुकडा उचलून फाटलेल्या जागी बसवतं.

भिंत, आकाश, साडी यांना ठिगळ खुशाल लावा. पण चेहऱ्यावर डोळाच फाटून गेला असेल तर? आता कृत्रिम बुद्धिमत्तेवर चालणारी ॲप आली आहेत. ती एका क्षणात नवा डोळा काढून देतात. पण दोस्तांनो, त्या ॲपने तुमच्या आजीला कधी पाहिलंय का? ते भलत्याच हजारो चेहऱ्यांवरून अंदाज बांधतं. तसा फोटो गंमत म्हणून करा हवा तर, पण तो आजीचा फोटो म्हणून चिकटवहीत लावू नका. फाटलेला भाग फाटलेलाच राहू द्या.

हे बटण जपून!

आता सगळ्यात महत्त्वाचं. मोबाइलमध्ये ‘ब्यूटी’ नावाचं एक बटण असतं. ते दाबलं की सुरकुत्या जातात, गाल गुळगुळीत होतात आणि पुष्कळदा चेहरा गोराही होतो. आता मला सांगा, जन्मभर उन्हापावसात भाताची लावणी केलेली आजी अशी दिसेल का? आणखी पन्नास वर्षांनी तुमची नातवंडं तो फोटो बघतील आणि विचारतील, ‘ही बाई कोण?’

फोटोतला काळोख वेगळा आणि माणसाचा रंग वेगळा. काळोख घालवायचा, रंग नाही. त्यासाठी एक सोपी युक्ती आहे. फोटोत पांढरं काय आहे ते शोधा: धोतर, टोपी, भिंतीचा चुना. ते पांढरं दिसू लागलं की थांबा. मग सावलीतला भाग तेवढा उघडा. शेवटी, ज्यांनी त्या माणसाला पाहिलंय त्यांना विचारा, ‘अशीच होती का हो आजी?’ त्या ‘हो’ म्हणाल्या की काम झालं.

यात यंत्रांचाही दोष आहे बरं का. पूर्वी रंगीत फोटो धुताना रंग जुळवण्यासाठी कोडॅक कंपनीचं एक नमुना कार्ड वापरत. त्यावर एका गोऱ्या बाईचा फोटो असे. त्याला ‘शर्ली कार्ड’ म्हणत. गोरा चेहरा छान आला की रंग बरोबर, असा हिशेब! सावळ्या माणसांचे चेहरे मात्र त्यात नीट उमटत नसत. १९९० च्या दशकात निरनिराळ्या वर्णांच्या स्त्रियांची कार्डं आली. चूक चेहऱ्यांत नव्हती, मोजपट्टीत होती.

मग फोटोत काही बदलायचंच नाही का? बदला की! पण सांगून बदला. दादासाहेब फाळक्यांनी १९१९ साली ‘कालिया मर्दन’ हा चित्रपट काढला. त्यात कृष्ण झाली होती त्यांची छोटी मुलगी मंदाकिनी. चित्रपटाच्या सुरुवातीलाच फाळके आधी मंदाकिनीचा चेहरा आणि तिचे हावभाव दाखवतात आणि मग पाहता पाहता तिचा कृष्ण होतो. जादूही झाली आणि लपवाछपवीही नाही!

पान कसं मांडायचं?

याचे गुरू आपल्या भागातच आहेत. वारली लग्नात भिंतीवर तांदळाच्या पिठाने चौक काढतात ना, तो आठवा. मधोमध पालघट देवी, भोवती चौकट. पाहणाऱ्याची नजर थेट देवीकडे जाते. तुमच्या पानावरही मुख्य फोटो एकच आणि मोठा हवा, बाकीचे दोन-तीन लहान. चौकात रंग किती? गेरूची भिंत आणि पांढरं पीठ, बस्स! तुम्हीही दोन-तीन रंगांत भागवा. डहाणू तालुक्यातले जिव्या सोमा म्हसे यांनी ही कला भिंतीवरून कागदावर आणि कापडावर नेली, जगभर पोचवली. २०११ साली त्यांना पद्मश्री मिळाली. त्यांची चित्रं मिळाली तर जरूर पाहा. तारप्याभोवतीच्या नाचाची रांग नजरेला कशी गोल गोल फिरवते, ते बघून शिका.

आणि फोटोखाली लिहायला विसरू नका: कोण, कुठे, कधी, फोटो कोणी काढला आणि तुम्ही त्यात काय बदललं. फोटोच्या मागे ‘जिल्हा ठाणे’ लिहिलेलं असलं तर ते खोडू नका हं! पालघर जिल्हा १ ऑगस्ट २०१४ ला झाला. त्याआधी वेवजी, तलासरी, डहाणू हे सारं ठाणे जिल्ह्यातच होतं. म्हणजे फोटो त्याआधीचा आहे, हे तुम्हाला मागच्या अक्षरांवरूनच कळलं की नाही?

पालकहो, एक विनंती. मुलं फोटो घेऊन आली की ‘काम आहे, नंतर बघू’ म्हणू नका. फोटोतली नावं फक्त तुम्हाला आणि घरातल्या म्हाताऱ्या माणसांना माहीत आहेत. ती कुठल्याही मोबाइलमध्ये नाहीत. आणि मुलांनो, फोटोतल्या माणसांना किंवा त्यांच्या घरच्यांना विचारल्याशिवाय तो इंटरनेटवर टाकायचा नाही.

येत्या रविवारी एवढं करा: घरातला सर्वांत जुना फोटो शोधा. त्याची नक्कल घ्या, साफ करा. एक पान मांडा. मग ते आजीला दाखवा आणि ती जे जे सांगेल ते फोटोखाली लिहून काढा, तिच्याच बोलीत.