जुन्या पेटीला नवं रूप: रंग कुठे मारायचा आणि कुठे नाही

जुनं फर्निचर रंगवण्याच्या व्हिडिओनंतर एकाने विचारलं, "सर, परदेशात लोक जुना पियानो रंगवून नवा करतात. आपल्याकडे चालेल का हे काम?" आता वणीत पियानो कुठून आणायचा? पण पेटी आहे ना! भजनी मंडळांकडे, शाळांत, कितीतरी घरांत माळ्यावर जुन्या हार्मोनियम पडून आहेत. काम चालेल. फक्त मी केली ती चूक करू नका.

आमच्या रंगाच्या दुकानात एक मंडळ पेटी घेऊन आलं. चैत्र पौर्णिमेला सप्तशृंगी गडावर जायचं होतं, त्याआधी पेटी चकाचक हवी होती. मी १,५०० रुपयांत हो म्हणालो. पॉलिश पेपर घासला, स्प्रेने चॉकलेटी ऑइल पेंट उडवला. दिसायला एकदम नवी कोरी! मंडळातल्या बाबांनी भाता मारला, तर तीन सूर मुके आणि दोन पट्ट्या चिकटलेल्या. "वडिलांची पेटी होती," एवढंच ते बोलले. त्या वर्षी मंडळ उसनी पेटी घेऊन गडावर गेलं.

दुरुस्तीला कारागिराने २,२०० रुपये घेतले. साहित्याला ४८० गेले होते. म्हणजे १,१८० रुपये खिशातून, वर तीन दिवसांची मेहनत फुकट. पण त्या कारागिराने पेटी उघडून दाखवली आणि मी शिकलो.

१. भाता बंद ठेवा. पेटीत पितळेच्या पातळ जिभा हवेने थरथरतात, तोच सूर. तिथली फट अगदी बारीक असते, लाकडाची भुकटी अडकली की सूर मुका. घासताना भाता हलवला तर तो हवेबरोबर भुकटीही आत ओढतो.

२. भोकं आणि फटी झाका. भात्याच्या फळीला हवा आत घेणारी भोकं असतात, त्यामागे झडप असते. तिथे रंग गेला की झडप चिकटते. भोकं, खुंट्या, पट्ट्या, सगळ्यांवर मास्किंग टेप लावा. पट्ट्यांच्या कडांना रंग नकोच. स्प्रेही नको, ब्रश वापरा.

३. आधी लाकूड बघा. चांगलं सागवान असेल तर रंगाखाली झाकू नका. चपडा लाख स्पिरिटमध्ये विरघळवून कापडाच्या बोळ्याने पातळ हात द्या. लाकूड डागाळलेलं, ठिगळं लावलेलं असेल तरच लांबी, प्रायमर आणि रंगाचे दोन पातळ हात. पावसाळी दमट हवेत लाखेवर पांढुरकी झाक येते, म्हणून हे काम उन्हाळ्यातच उरका.

४. घेताना प्रत्येक पट्टी वाजवा. गिऱ्हाइकासमोर मोबाईलवर व्हिडिओ काढा. आधीच मुका असलेला सूर नंतर आपल्या नावावर नको. आणि विचारा, "यातलं काय तसंच ठेवायचं?" झाकणावर देणगीदाराचं किंवा आजोबांचं नाव असतं. एकदा घासलं की गेलं.

५. हिशोब पूर्ण धरा. साहित्य, दिवसाची मजुरी, आणि शेवटी सूर तपासणाऱ्या कारागिराचे पैसे. ही तिसरी ओळ मी विसरलो होतो. आता ती दरात आधीच सांगतो. ज्याला महाग वाटतं तो जातो, जाऊ द्या.

पियानोलाही हाच नियम: बाहेरची पेटी रंगवा, आतल्या तारा, हातोड्या आणि नाद देणाऱ्या फळीला हात लावू नका.

ते बाबा पुढच्या वर्षी मंडळाची दुसरी पेटी घेऊन आले. मी टेप लावण्याआधी त्यांनाच म्हटलं, "बाबा, एकदा सगळे सूर वाजवून दाखवा." त्यांनी अख्खा अभंग वाजवला. मी व्हिडिओ काढला, मगच कामाला हात लावला.