मॉनिटर संगणकाला का दिसत नाही?

बसवनगुडी ही बंगळूर शहरातील एक जुनी वसाहत आहे. १८९८ मध्ये शहरात प्लेगची साथ आली. त्यानंतर दाट पेठांतील लोकांना मोकळ्या हवेची जागा मिळावी म्हणून मल्लेश्वरम आणि बसवनगुडी या वसाहती वाढवण्यात आल्या. मोठ्या नंदीचे देऊळ, गांधी बाजार आणि कार्तिक महिन्यात भरणारी भुईमुगाच्या शेंगांची जत्रा यांमुळे हा भाग प्रसिद्ध आहे. शहरांतील अशा गजबजलेल्या भागांत लग्नपत्रिका जुळवणारे, जमाखर्च लिहिणारे, अर्ज भरून देणारे अनेक लहान व्यावसायिक संगणकाच्या आधारे उपजीविका करतात. त्यांपैकी कित्येकांच्या टेबलावर लॅपटॉपला जोडलेला दुसरा मॉनिटर असतो. एका पडद्यावर ग्राहकाने दिलेला मजकूर आणि दुसऱ्यावर तयार होणारे पान, अशी सोय असली की काम लवकर होते आणि चुका कमी राहतात.

बसवनगुडीतील अशाच एखाद्या दुकानाची कल्पना करावी. रात्री संगणकाची प्रणाली अद्ययावत झाली, म्हणजेच अपडेट झाली. सकाळी लॅपटॉप नेहमीप्रमाणे सुरू झाला. परंतु दुसऱ्या मॉनिटरवर 'सिग्नल नाही' अशी अक्षरे क्षणभर उमटली आणि पडदा काळा झाला. पत्रिका तर दुपारी छापायला द्यायची आहे. अशा वेळी मॉनिटर बिघडला, हाच विचार प्रथम मनात येतो. घाईने नवा मॉनिटर विकत आणला, तर काही हजार रुपये खर्च होतात आणि तोही सुरू झाला नाही म्हणजे माणूस हताश होतो. वास्तविक, काल चालणारी वस्तू आज चालत नसेल, तर कालपासून आजपर्यंत काय बदलले, हा प्रश्न सर्वांत आधी विचारला पाहिजे. येथे मॉनिटर बदललेला नाही, केबलही बदललेली नाही. बदलली आहे ती प्रणाली.

संगणक आणि मॉनिटर यांचा संवाद

मॉनिटर हा संगणकाकडून आलेले चित्र निमूटपणे दाखवतो, असा सर्वसाधारण समज असतो. प्रत्यक्षात दोघांमध्ये आधी ओळखपाळख व्हावी लागते. एचडीएमआय प्रकारच्या केबलमध्ये एकोणीस जोडण्या असतात. त्यांपैकी एकीतून संगणक पाच व्होल्टचा अल्प विद्युतदाब मॉनिटरकडे पाठवतो. मॉनिटर दुसऱ्या एका जोडणीतून 'मी येथे आहे' अशी खूण परत देतो. त्यानंतर संगणक मॉनिटरच्या आत साठवलेली माहिती वाचतो. तिला ईडीआयडी असे म्हणतात. ही पद्धत १९९४ मध्ये ठरवण्यात आली. या माहितीचा मूळ भाग अवघा १२८ बाइटचा असतो. परंतु मॉनिटर कोणी बनवला, त्याचा नमुना कोणता आणि तो कोणत्या आकाराचे चित्र दाखवू शकतो, हे सारे त्यात नोंदलेले असते.

ही माहिती वाचून त्याप्रमाणे चित्र पाठवण्याचे काम ड्रायव्हर नावाची आज्ञावली करते. प्रणाली आणि यंत्राचे सुटे भाग एकमेकांची भाषा जाणत नाहीत. ड्रायव्हर हा त्यांच्यातील दुभाषी होय. दुभाष्याच्या जागी नवखा माणूस आला, तर दोन्ही पक्ष धडधाकट असूनही बोलणे खुंटते. अपडेटनंतर नेमके हेच घडू शकते. नव्या प्रणालीशी जुना ड्रायव्हर जुळत नाही किंवा त्याच्या जागी एक कामचलाऊ ड्रायव्हर येऊन बसतो. लॅपटॉपचा स्वतःचा पडदा त्यावर चालतो. परंतु दुसरा मॉनिटर सामान्यतः चालत नाही.

याचे एक ठळक उदाहरण २०१८ मध्ये दिसून आले. त्या वर्षी मार्चच्या अखेरीस ॲपल कंपनीने आपल्या मॅक संगणकांसाठी १०.१३.४ ही आवृत्ती दिली. त्यानंतर डिस्प्लेलिंक या तंत्राने यूएसबीमार्फत जोडलेले मॉनिटर अनेकांच्या संगणकांवर बंद पडले. मॉनिटर आणि केबल यांत कोणताही दोष नव्हता. ज्यांनी अपडेट घेतले नव्हते, त्यांनी आधीच्या १०.१३.३ या आवृत्तीवरच राहावे, असा सल्ला तेव्हा डिस्प्लेलिंक कंपनीने दिला होता.

तपासणीचा क्रम

दोष शोधताना सोप्याकडून अवघडाकडे जावे आणि एका वेळी एकच गोष्ट बदलावी. एकदम चार गोष्टी बदलल्या, तर दोष गेला तरी तो कशामुळे गेला हे समजत नाही. आरंभी हातातील काम साठवून ठेवावे.

१. पुन्हा सुरुवात : लॅपटॉप पूर्ण बंद करावा. मॉनिटरची वीज काढून मिनिटभराने परत जोडावी. केबल दोन्ही टोकांकडून काढून घट्ट बसवावी आणि मग लॅपटॉप सुरू करावा. त्यामुळे ओळखीची प्रक्रिया नव्याने घडते. अनेकदा एवढ्यावरच काम भागते.

२. मॉनिटरची निवड : मॉनिटरला केबल जोडण्याच्या दोन-तीन जागा असतात. केबल एका जागी आणि निवड दुसऱ्या जागेची असेल, तर पडदा काळाच राहतो. मॉनिटरवरील बटणाने योग्य जागा निवडावी.

३. संगणकाची मांडणी : विंडोज प्रणालीत विंडोजचे चिन्ह असलेली कळ आणि पी ही कळ एकत्र दाबली की चार पर्याय दिसतात : केवळ संगणकाचा पडदा, दोन्हींवर एकच चित्र, दोन्ही मिळून एक विस्तारित पडदा आणि केवळ दुसरा पडदा. अपडेटनंतर पहिला पर्याय निवडला गेला असेल, तर तिसरा निवडावा. तरीही मॉनिटर दिसला नाही, तर विंडोज, कंट्रोल, शिफ्ट आणि बी या चार कळा एकत्र दाबाव्यात. त्यामुळे चित्राचा ड्रायव्हर नव्याने सुरू होतो.

४. केबल आणि जागा : शक्य असल्यास दुसरी केबल लावून पाहावी. यूएसबी-सी प्रकारची प्रत्येक जागा चित्र पाठवू शकत नाही. काही जागांतून केवळ वीज आणि माहिती जाते. म्हणून केबल पूर्वी ज्या जागी होती, त्याच जागी ती आहे ना, हे पाहावे.

५. अदलाबदल : हाच मॉनिटर दुसऱ्या संगणकाला जोडून पाहावा. तेथे तो चालला, तर मॉनिटर निर्दोष आहे हे सिद्ध होते. नवा मॉनिटर घेण्याचा विचार ही चाचणी केल्यावाचून करू नये.

६. ड्रायव्हर : विंडोजमधील डिव्हाइस मॅनेजर उघडून डिस्प्ले ॲडॅप्टर या सदरात पाहावे. तेथे 'मायक्रोसॉफ्ट बेसिक डिस्प्ले ॲडॅप्टर' असे नाव असेल, तर मूळ ड्रायव्हर नाहीसा झाला आहे असे समजावे. लॅपटॉप बनवणाऱ्या कंपनीच्या अधिकृत संकेतस्थळावरून आपल्या नमुन्याचा ड्रायव्हर घ्यावा. अनोळखी ठिकाणाहून घेऊ नये. ड्रायव्हर नवा असूनही चालत नसेल, तर त्याच्या गुणधर्मांत 'रोल बॅक ड्रायव्हर' हे बटण असते. त्याने आधीचा ड्रायव्हर परत येतो.

लिनक्स प्रणालीत कर्नल या गाभ्याचे अपडेट झाल्यावर असाच दोष संभवतो. जुना कर्नल बहुधा संगणकात शिल्लक असतो. संगणक सुरू होतानाच्या यादीतून तो निवडावा. त्यावर मॉनिटर चालला, तर दोष नव्या कर्नलशी निगडित आहे हे स्पष्ट होते.

मागे फिरावे का?

इतके करूनही उपयोग झाला नाही, तर अपडेट काढून टाकण्याचा मार्ग उरतो. विंडोजच्या मोठ्या अपडेटनंतर साधारणपणे दहा दिवस पूर्वीच्या आवृत्तीकडे परतता येते. परंतु हा उपाय तात्पुरता समजावा. अपडेटमध्ये संगणकाच्या सुरक्षिततेच्या दुरुस्त्याही असतात. त्या कायमच्या टाळणे म्हणजे करकरणाऱ्या दारामुळे घर उघडे टाकण्यासारखे आहे. ड्रायव्हरची दुरुस्त आवृत्ती आली की अपडेट पुन्हा घ्यावे.

अपडेटमधील दोष नेहमीच वापरणाऱ्याच्या चुकीमुळे येत नाही. १९ जुलै २०२४ रोजी क्राउडस्ट्राइक या सुरक्षा कंपनीच्या सदोष अपडेटमुळे जगभरातील सुमारे ८५ लाख विंडोज संगणक ठप्प झाले, असा अंदाज मायक्रोसॉफ्टने दिला. भारतातील काही विमानतळांवर प्रवाशांना हाताने लिहिलेले बोर्डिंग पास द्यावे लागले. यंत्रे मात्र शाबूत होती. सदोष फाइल काढल्यावर ती पूर्ववत चालू लागली.

यावरून व्यवहारात उपयोगी पडणाऱ्या दोन सवयी लावून घेता येतात. महत्त्वाचे काम पूर्ण करायच्या दिवशी किंवा आदल्या रात्री अपडेट घेऊ नये. सुट्टीच्या आदल्या दिवशी घ्यावे, म्हणजे दुरुस्तीला सवड मिळते. तसेच आपल्या संगणकाचा नमुना, चालत असलेल्या ड्रायव्हरची आवृत्ती आणि केबलची जागा एका वहीत लिहून ठेवावी. पुढे दुरुस्ती करणाऱ्याकडे जाण्याची वेळ आलीच, तर 'मॉनिटर गेला' असे मोघम सांगण्याऐवजी काय बदलले, काय तपासले आणि काय आढळले, हे क्रमाने सांगता येते. त्यामुळे त्याचा वेळ वाचतो आणि चांगला मॉनिटर विनाकारण भंगारात जात नाही. काळा पडदा पाहून घाबरून जाण्याचे कारण नाही. शांतपणे, एकेक शक्यता दूर करत गेले, तर संगणकाचे औपचारिक शिक्षण न घेतलेल्या माणसालाही बहुतेक वेळा दोषाचे मूळ सापडते.