वाऱ्याचे मोजमाप : विमानविद्या आणि विष्णु माधव घाटगे

पेडणे महालातील मोपाच्या सड्यावर विमानतळ उभा राहिला. ११ डिसेंबर २०२२ रोजी त्याचे उद्घाटन झाले आणि ५ जानेवारी २०२३ पासून तेथे प्रवासी विमानांची ये-जा सुरू झाली. तेव्हापासून पेडणे व डिचोली भागांतील माणसांस विमान हा दाबोळीस जाऊन पाहावयाचा पदार्थ राहिलेला नाही. नित्य दिसणाऱ्या वस्तूविषयी प्रश्न पडावेत हे स्वाभाविकच होय. भारतात विमानविद्येचा उगम कोठे झाला, आणि मराठी माणसाचा तीत वाटा काय, असे कोणी विचारले तर उत्तर बहुधा ठरलेले असते : शिवकर बापूजी तळपदे, मुंबईची चौपाटी, सन १८९५. हे उत्तर तपासून घेणे अगत्याचे आहे, कारण त्याच्या आड दुसरे एक नाव झाकले गेले आहे. ते नाव आपल्यापासून फार दूरचेही नाही. सावंतवाडीवरून आंबोलीचा घाट चढून आजऱ्याच्या वाटेने पुढे गेले की गडहिंग्लजचा मुलूख लागतो. त्या मुलखातील हसूरचंपू या गावी २४ ऑक्टोबर १९०८ रोजी विष्णु माधव घाटगे यांचा जन्म झाला.

प्रथम तळपदे यांच्याविषयी. ते काल्पनिक पुरुष नव्हेत. मुंबईच्या जे. जे. कलाशाळेशी त्यांचा संबंध होता, संस्कृत ग्रंथांचा त्यांना व्यासंग होता आणि उडण्याचा त्यांना ध्यास होता. परंतु त्यांचे 'मरुत्सखा' नावाचे मनुष्यरहित यान चौपाटीवरून दीड हजार फूट उंच गेले, ही जी कथा सांगितली जाते, तिला त्या काळच्या वृत्ताचा अस्सल आधार कोणी पुढे ठेवलेला नाही. त्याहून मोठी अडचण निराळीच आहे. या कथेत कोठेही मोजमाप नाही. पंखाचे क्षेत्रफळ किती, यंत्राचे वजन किती, शक्ती किती, कोणत्या वेगाला किती भार उचलला गेला, यांपैकी एकही आकडा तीत नाही. यान उडाले असे क्षणभर धरले, तरी दुसऱ्या दिवशी तसेच दुसरे यान कसे बांधावे हे त्या कथेवरून कोणासही कळणार नाही.

याच्या शेजारी राइट बंधूंचे काम ठेवून पाहावे. आपण त्यांची आठवण १७ डिसेंबर १९०३ च्या उड्डाणाने करतो. माझ्या मते त्यांचे खरे वर्ष १९०१ होय. त्या वर्षी जुन्या तक्त्यांतील उचलीचे आकडे प्रत्यक्षाशी जुळत नाहीत असा त्यांना संशय आला, आणि त्यांनी आपल्या सायकलींच्या दुकानात सुमारे सहा फूट लांबीची एक लाकडी पेटी बनविली. पेटीच्या एका तोंडाशी पंखा लावून आतून वारा सोडावयाचा, मध्ये पंखाचा लहानसा नमुना टांगावयाचा आणि त्यावर पडणारे बल तराजूने मोजावयाचे. हेच वातविवर, ज्यास इंग्रज 'विंड टनेल' म्हणतात. सुमारे दोनशे आकार त्यांनी असे तपासले. पुढे मोटारीच्या कारखानदारांकडून हलके इंजिन मिळेना, तेव्हा त्यांच्या चार्ली टेलर नावाच्या कारागिराने बारा अश्वशक्तीचे चार सिलिंडरांचे इंजिन दुकानातच घडविले. वारा, सांगाडा आणि इंजिन ही तीन कोडी या दोघा भावांनी वेगवेगळी करून सोडविली. विमानविद्येचे संशोधन आजही याच तीन शाखांनी चालते.

वाऱ्याच्या कोड्याचा गाभा १९०४ साली लुडविग प्रांट्ल या जर्मन पंडिताने उलगडला. तो समजण्यास तेरेखोलच्या काठी जावे. ओहोटीच्या विरुद्ध होडी न्यावयाची असली म्हणजे नावाडी ती मधून नेत नाही, काठाकाठाने नेतो. कारण काठाशी पाणी मंद असते. वाहता पदार्थ ज्या पृष्ठाला लागतो तेथे त्यास चिकटतो, आणि पृष्ठापासून जसजसे दूर जावे तसतसा त्याचा वेग वाढत जातो. विमानाच्या पंखावरून वाहणाऱ्या हवेचेही असेच आहे. मात्र नदीकाठचा मंद पट्टा हातांनी मोजता येतो, तर पंखावरचा थर अनेकदा बोटभरही जाड नसतो. प्रांट्लने त्यास सीमास्तर म्हटले. त्या थराबाहेर हवा जवळजवळ घर्षणरहित मानून गणित करता येते. घर्षणाचा सारा बखेडा त्या पातळ थरात कोंडलेला असतो. पंख वाऱ्याशी फार उभा धरला की हाच थर पृष्ठापासून सुटतो, उचल ढासळते आणि विमान खाली येते. इतक्या बारीक गोष्टीवर माणसांचे प्राण अवलंबून असतात.

घाटगे गेले ते या प्रांट्लकडेच. गटिंगेन विद्यापीठात त्यांच्या हाताखाली काम करून त्यांनी १९३६ साली डॉक्टरेट मिळविली. परत आल्यावर थोड्याच वर्षांत त्यांना आपल्या विद्येचे क्षेत्र सापडले. डिसेंबर १९४० मध्ये सोलापूरचे उद्योगपती वालचंद हिराचंद यांनी म्हैसूर संस्थानच्या साहाय्याने बंगलोरास विमानांचा कारखाना काढला, आणि डिसेंबर १९४२ मध्ये तेथील भारतीय विज्ञान संस्थेत वैमानिक अभियांत्रिकीचा विभाग निघाला. त्या विभागाची पायाभरणी घाटगे यांची. विभागासाठी पाच फूट गुणिले सात फूट अशा मापाचे वातविवर उभारण्यात आले. वाचक विचारील, राइट बंधूंचे काम लहान पेटीत भागले, मग एवढे मोठे विवर कशास? नमुना लहान केला तरी हवेचा चिकटपणा त्याबरोबर लहान होत नाही. इवल्याशा नमुन्यावर सीमास्तर प्रमाणाबाहेर जाड होतो आणि मिळालेले आकडे मोठ्या विमानास लागू पडत नाहीत. म्हणून नमुना शक्य तितका मोठा व वारा शक्य तितका वेगवान लागतो.

पुढे घाटगे कारखान्याकडे आले आणि त्यांच्या देखरेखीखाली एचटी-२ या शिकाऊ विमानाचा आराखडा तयार झाला. ऑगस्ट १९५१ मध्ये ते प्रथम उडाले. भारतात आराखडा होऊन उत्पादनात गेलेले हे पहिले विमान होय. एकामागे एक अशा दोन बैठका, पंखांची रुंदी १०.७२ मीटर आणि बांधणी संपूर्ण धातूची.

धातूची बांधणी म्हणजे काय, हे बांबू पाहून समजते. बांबू पोकळ असतो. सामर्थ्य देणारा भाग सारा कडेला, जेथे वाकताना ताण व दाब अधिक पडतो तेथेच. पण नुसती पोकळ नळी वाकविली तर ती एका जागी चेपते. बांबू चेपत नाही, कारण प्रत्येक पेरापाशी आत एक पडदा असतो. विमानाचा पंखही असाच : वर व खाली पातळ पत्रा, आत ठराविक अंतरावर आडव्या फासळ्या, आणि बुंध्यापासून टोकापर्यंत गेलेली तुळई. उडताना हवा पंखास वर उचलते. त्यामुळे खालचा पत्रा ताणला जातो आणि वरचा दाबला जातो. पातळ पत्रा ताण सोसतो, दाबाखाली मात्र सुरकुततो. फासळ्या किती अंतरावर ठेवाव्यात म्हणजे सुरकुती पडणार नाही आणि वजनही वाढणार नाही, यातच रचनाकाराची कसोटी लागते. वजन वाढले की अधिक मोठा पंख हवा, मोठा पंख आला की पुन्हा वजन वाढते. भारतीय हवाई दलाच्या वैमानिकांच्या पिढ्याच्या पिढ्या एचटी-२ वर उडावयास शिकल्या, घाना देशानेही ती विमाने घेतली, यावरून ही कसोटी कशी उतरली ते दिसते.

तिसऱ्या कोड्याविषयी असे समाधान मानता येत नाही. एचटी-२ चे इंजिन ब्रिटिश होते. फ्लाइंग क्लबांसाठी झालेल्या पुष्पक या विमानाचे अमेरिकन. घाटगे यांच्याच चमूने केलेले आणि सप्टेंबर १९६४ मध्ये उडालेले किरण हे जेट शिकाऊ विमान, त्याचेही इंजिन ब्रिटिश. कुर्ट टांक यांनी बंगलोरास रचलेले मरुत हे लढाऊ विमान १९६१ च्या जूनमध्ये उडाले. ज्या वेगासाठी त्याची रचना झाली होती, त्यास पुरेसे इंजिन त्यास कधीच मिळाले नाही. २००१ साली उडालेल्या तेजसलाही अमेरिकन इंजिन लावावे लागले. याचे कारण केवळ पैसा नव्हे. जेट इंजिनातील वायू चक्राच्या पात्यांना ज्या उष्णतेने भिडतो, तीत त्या पात्यांचा धातू वितळावयास हवा. तो वितळू नये म्हणून पाती आतून पोकळ ओततात आणि त्यांच्या बारीक छिद्रांतून थंड हवा खेळवितात. हे ओतकाम सूत्रे पाठ करून येत नाही. त्यास धातुशास्त्राची अखंड परंपरा लागते.

आता एक योगायोग सांगतो. 'वैमानिकशास्त्र' नावाचा जो ग्रंथ प्राचीन म्हणून मिरविला जातो, आणि ज्याचा दाखला तळपदे यांच्या कथेबरोबर नेहमी जोडला जातो, त्याची छाननी १९७४ साली बंगलोरच्या विज्ञान संस्थेतील पाच अभ्यासकांनी केली. घाटगे यांनी उभारलेला वैमानिक अभियांत्रिकीचा विभाग याच संस्थेतला. भाषा व छंद पाहता हा ग्रंथ विसाव्या शतकातलाच, १९०४ च्या आधीचा नव्हे, असे त्यांनी दाखविले. आकृत्यांतील यानांचे गणित केले, आणि त्यांपैकी एकही उडण्याजोगे नाही असा निर्णय दिला. त्यांनी त्या ग्रंथाची थट्टा केली नाही, त्यास वाऱ्याच्या मापाने मोजले. असे असता २०१५ मध्ये तळपदे यांच्यावर हिंदी चित्रपट निघाला. घाटगे यांच्यावर निघालेला माझ्या ऐकिवात नाही. त्यांना १९६५ साली पद्मश्री मिळाली आणि ६ डिसेंबर १९९१ रोजी त्यांचे निधन झाले. आपल्या पाठ्यपुस्तकांना त्यांच्यासाठी एखादा परिच्छेद देण्यास हरकत नसावी.

गोव्याच्या वाचकास त्यांचे काम पाहण्यासाठी बंगलोरास जाण्याचेही कारण नाही. दाबोळीच्या धावपट्टीजवळ, बोगमाळोच्या वाटेवर नौदलाचे विमान-संग्रहालय आहे. तेथे ठेवलेल्या विमानांत एक एचटी-२ आहे. शेजारच्या अवाढव्य सुपर कॉन्स्टेलेशनपुढे ते खेळण्यासारखे दिसते, आणि पाहणारे सहसा थांबत नाहीत. थांबल्यास पंखाच्या पत्र्यावरील रिव्हेटांच्या ओळी न्याहाळाव्यात. जेथे जेथे ओळ गेली आहे, तेथे तेथे आत एक फासळी किंवा तुळई आहे.