जुन्या मोटारीची सफाई : आधी निदान, मग चकाकी

ऑक्टोबर २०२३ च्या अखेरीस मुंबईच्या रस्त्यांवरून शेवटची 'पद्मिनी' टॅक्सी निवृत्त झाली. कुर्ल्याच्या कारखान्यात तयार झालेली ही गाडी टॅक्सीच्या रूपात दिसेनाशी झाली असली, तरी खासगी मालकांनी जिवापाड जपलेल्या फियाट आणि पद्मिनी मुंबई-पुण्यात आजही आहेत. अशा गाडीचे बॉनेट उघडले की बहुधा दिसते ते तेल आणि धूळ यांचे वर्षानुवर्षे साचलेले काळे पुट. ते काढून इंजिन चकचकीत करण्याचा मोह स्वाभाविक आहे. पण घाईने केलेली सफाई गाडीचे जितके नुकसान करते, तितके ते पुटही करत नाही.

याला कायद्याचीही एक बाजू आहे. केंद्र सरकारने जुलै २०२१ मध्ये 'व्हिंटेज' वाहनांसाठी नियम अधिसूचित केले. पहिल्या नोंदणीपासून पन्नास वर्षे पूर्ण झालेल्या दुचाकी आणि चारचाकी वाहनांना ते लागू होतात. मात्र गाडी मूळ स्वरूपात असावी, चासी, बॉडी किंवा इंजिन यांत मोठा फेरफार झालेला नसावा, अशी अट आहे. सत्तरच्या दशकातील अनेक गाड्या आता या वयोमर्यादेत येत आहेत. इंजिनावरचा कोरलेला क्रमांक, ओतकामातील खुणा, कारखान्यातील मूळ रंग हे सारे गाडीच्या अस्सलपणाचे पुरावे असतात. तारेचा ब्रश बसवलेले ड्रिल मशीन काही मिनिटांत ते पुसून टाकू शकते.

पुट काय सांगते?

म्हणून पाण्याला हात लावण्यापूर्वी इंजिन नीट पाहावे. सर्व बाजूंनी छायाचित्रे घ्यावीत, प्रत्येक वायर आणि नळी कोठे जोडली आहे याची नोंद ठेवावी. तेल वरून खाली ओघळते आणि वाऱ्याने मागे जाते. त्यामुळे गळतीचे मूळ सर्वात वरच्या ओल्या जागी शोधावे. टॅपेट कव्हरचे पॅकिंग निकामी झाले, तर तेल ब्लॉकवरून उतरून थेट चेंबरपर्यंत पोहोचते आणि दोष चेंबरवर येतो. इंजिन आणि गिअरबॉक्स यांच्या सांध्यातून थेंब पडत असतील, तर क्रँकशाफ्टच्या मागील सीलचा किंवा गिअरबॉक्सच्या पुढील सीलचा संशय घ्यावा. गिअर ऑइलला गंधकासारखा उग्र वास असतो, त्यावरून दोन्ही तेले ओळखता येतात. होसपाइपच्या क्लिपजवळ पांढरट किंवा तांबूस थर दिसला, तर तेथून रेडिएटरचे पाणी झिरपत आहे असे समजावे. हे सारे पुरावे धुतल्यावर नाहीसे होतात.

धुण्याची रीत

इंजिन पूर्ण थंड असावे. तापलेल्या धातूवर गार पाणी पडले, तर तो वाकण्याची किंवा त्याला तडा जाण्याची भीती असते. बॅटरीपासून बॉडीला गेलेली अर्थची तार आधी सोडवावी. पद्मिनीत ती ऋण टोकाची असते. पण अनेक जुन्या ब्रिटिश गाड्यांत धन टोक अर्थला जोडलेले असते, हे ध्यानात ठेवावे. कार्ब्युरेटरचे तोंड, डिस्ट्रिब्युटर, कॉइल, डायनॅमो आणि डिपस्टिकची जागा प्लॅस्टिकच्या पिशव्यांनी घट्ट झाकावी. स्पार्क प्लग जागेवरच ठेवावेत. ते काढले तर भोवतीची रेती थेट सिलिंडरमध्ये जाते.

जाड थर लाकडी किंवा प्लॅस्टिकच्या पट्टीने कोरडाच खरवडावा. निम्मे काम तेथेच होते. उरलेल्या चिकटपणासाठी गॅरेजमध्ये रॉकेल आणि ब्रश वापरण्याची जुनी पद्धत आहे. ते मोकळ्या हवेत, ठिणगी आणि विस्तव यांपासून दूर, बेताने वापरावे. पेट्रोल मात्र कधीही वापरू नये. त्याची वाफ शून्याखालच्या तापमानालाही पेट घेऊ शकते. रॉकेल होसपाइप आणि इंजिनाच्या माउंटिंग रबरवर राहिले, तर रबर फुगते. म्हणून ते लगेच पुसावे.

पद्मिनीच्या इंजिनाचा ब्लॉक बिडाचा, तर हेड ॲल्युमिनियमचे आहे. हा फरक महत्त्वाचा आहे. कॉस्टिक सोडा असलेली तीव्र द्रावणे बिडावर चालून जातात, पण ॲल्युमिनियमला खातात आणि काळे पाडतात. सौम्य द्रावण वापरून थोड्या पाण्याने धुवावे. सर्व्हिस स्टेशनवरील जोरदार फवारा टाळावा. ते पाणी सीलमधून आत शिरते, वायरच्या सांध्यांत साचते आणि रेडिएटरच्या पात्या वाकवते. शेवटी सारे कोरडे करून मगच बॅटरी जोडावी.

इंजिनाच्या आत रॉकेल घालून 'फ्लशिंग' करण्याचा सल्लाही अनेकदा दिला जातो. तो जुन्या इंजिनासाठी धोक्याचा आहे. तळाशी साचलेला गाळ एकदम सुटला, तर ऑइल पंपाची जाळी तुंबते आणि बेअरिंगना तेल मिळत नाही. त्यापेक्षा थोड्या अंतराने दोन-तीनदा तेल आणि फिल्टर बदलावा.

गिअरबॉक्सकडे दुर्लक्ष नको

गाडीखाली जाताना केवळ जॅकवर विसंबू नये. भक्कम लोखंडी स्टँड हवेतच. गिअरबॉक्सला हवेसाठी लहानसे छिद्र असते. ते मळीने बुजले, की तापलेल्या तेलाचा दाब वाढून तेल सीलमधून बाहेर येते. सील बदलण्यापूर्वी हे छिद्र साफ करून पाहावे. तेल बदलताना आधी भरण्याचा बोल्ट उघडतो की नाही ते पाहावे, मगच खालचा सोडावा. वरचा जाम निघाला, तर रिकामा गिअरबॉक्स घेऊन बसण्याची वेळ येते. खालच्या बोल्टला लागलेली बारीक धातूची पूड चिंतेची नसते. तुकडे दिसले, तर मात्र गिअरबॉक्स उघडावा लागेल. नवे तेल गाडीच्या पुस्तिकेप्रमाणेच घ्यावे. आजच्या काही तेलांतील गंधकयुक्त घटक जुन्या गिअरबॉक्समधील पितळी रिंगांना बाधू शकतात. बहुतेक पद्मिनींत गिअरचा दांडा स्टिअरिंगला असतो. त्याचे सांधे धुतल्यावर ताजे ग्रीस लावले नाही, तर गिअर अडकू लागतात.

क्लचची धूळ हवेच्या फवाऱ्याने उडवू नये. जुन्या क्लचप्लेट आणि पॅकिंगमध्ये ॲस्बेस्टॉस असू शकते आणि ते फुप्फुसांना घातक आहे. ती ओल्या फडक्याने टिपावी. काढलेले तेल गटारात ओतू नये. २०१६ च्या नियमांनुसार वापरलेले तेल धोकादायक कचरा ठरते. ते डब्यात साठवून अधिकृत संकलकाकडे द्यावे.

चकाकी किती?

कारखान्यातून इंजिन आरशासारखे कधीच येत नसे. सर्वत्र रुपेरी रंग फासणे म्हणजे इतिहास झाकणे होय. मूळ रंगाची छटा जुळवून उष्णतारोधक रंग जेथे होता तेथेच लावावा; इंजिन क्रमांक आणि पॅकिंग बसण्याच्या जागा मोकळ्या सोडाव्यात. रबर चमकवणारे द्रव पंख्याच्या पट्ट्याला लागू देऊ नयेत, पट्टा घसरतो. समुद्रकाठच्या दमट हवेत उघड्या लोखंडावर तेलाचा पुसट हात फिरवणे मात्र आवश्यक आहे.

सारे झाल्यावर गाडीखाली रात्रभर पुठ्ठा पसरावा आणि चाकांच्या जागा त्यावर खडूने आखून ठेवाव्यात. स्वच्छ इंजिनावर आणि पुठ्ठ्यावर उमटलेला पहिला ताजा थेंब कोठून आला, हे सकाळी नेमके कळते. एवढे कळले, की सफाईचे श्रम सार्थकी लागले.